हेड खोललं की

जुनी गाडी धूर सोडायला लागली की मालकापेक्षा बघ्यांनाच निदानाची घाई होते. सोसायटीच्या फाटकाशी उभे असलेले गृहस्थ नुसतं वाकून बघतात आणि सांगून मोकळे होतात, "रिंगा गेल्या. इंजिन उतरवा." काळा धूर जास्तीच्या पेट्रोलचा, पांढरा पाण्याचा, निळा ऑइलचा, एवढं सगळेच जाणतात. पण निळ्यातही दोन जाती आहेत. रिंगा झिजलेली गाडी चढावर जोर लावताना धूर ओकते. व्हॉल्व्ह गाईड झिजलेली गाडी जास्त लबाड. अख्खा बोरघाट ती साळसूदपणे उतरते, आणि खोपोलीच्या सपाटीवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला रे दाबला की मागच्या स्कूटरवाल्याला निळ्या ढगात बुडवते. उतारावर पाय उचललेला, गिअर खालचा. अशा वेळी इनटेकमधली हवा विरळ होते आणि वरचं ऑइल गाईडच्या फटीतून आत ओढलं जातं.

कुर्ल्यात तयार झालेल्या पद्मिनीचंच घ्या. १०८९ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. त्याची दांडी ज्या आखूड नळीतून वरखाली होते, ती नळी म्हणजे गाईड. दांडीला सरळ ठेवणं हे तिचं मुख्य काम. रॉकर मात्र दांडी दाबता दाबता तिला जरा बाजूलाही रेटतो, आणि वर्षानुवर्षं हे सोसून गोल भोक लंबगोल होतं. बरं, फट मुळीच नको असंही नाही. तापल्यावर दांडी फुगते, म्हणून मिलिमीटरच्या काही शतांशांची मोकळीक ठेवावीच लागते. फार घट्ट बसवला तर व्हॉल्व्ह अडकून बसतो.

गाईडची किंमत किरकोळ. पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, रॉकर असा सगळा संसार उचकटून हेड उतरवावं लागतं. मिस्त्री स्प्रिंग काढतो आणि व्हॉल्व्ह बोटांनी डावा-उजवा हलवून दाखवतो. ती टकटक ऐकल्यावर मालक वाद घालत नाही. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापलं की ते गाईडपेक्षा जास्त फुगतं, म्हणून हेड गरम करायचं, जुने गाईड ठोकून काढायचे आणि नवे गारेगार करून बसवायचे. मिस्त्रीच्या घरच्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमशेजारी आठ गाईड रात्रभर पहुडलेले असतात. वहिनींनी विचारणं केव्हाच सोडलंय.

मग भोकातून रीमर फिरवायचा, आणि इथे खरी गोम कळते. नवा गाईड केसभर जरी वेगळा बसला तरी व्हॉल्व्हचा मध्य सरकतो. व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती, झिजक्या गाईडशी इतकी वर्षं जमवून घेतलेली जुनी सीट या नव्या सरळ माणसाशी जुळवून घेत नाही. सीटही कापावी लागते. त्यानंतर ग्राइंडिंग पेस्ट लावून, रबरी कपाची काठी दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी घुमवायची, सगळीकडून सारखं करडं कडं उमटेपर्यंत. या वेळी मिस्त्रीशी बोलू नये. तो उत्तर देत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं व्यवहारी लोक विचारतात. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. दुरुस्तीचा खर्च आणि भंगाराचा भाव यांचा मेळ बसत नाही, हे मलाही मान्य. पण असे हिशेब मांडणाऱ्यांना स्वतःच्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे बहुधा सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावं लागतं, म्हणून मी त्यांचं फार मनावर घेत नाही.

मिस्त्रीच्या कामाची परीक्षा रॉकेलची. व्हॉल्व्ह बसवून, प्लग लावून हेड उलटं ठेवायचं आणि चारही खळग्यांत रॉकेल ओतायचं. काहीही घडत नाहीये ना, हे बघायला चार माणसं चहा घेत एकटक बसतात. एखाद्या पोर्टमध्ये ओल दिसली, की तेवढा व्हॉल्व्ह परत काढायचा आणि पेस्टचा डबा उघडायचा.