पिकअपचं अ‍ॅव्हरेज

गाडीचं अ‍ॅव्हरेज ही डोंबिवलीत कुणाची खासगी बाब नाही. पगार विचारताना माणूस जरा घुटमळतो, ‘किती देते?’ हे मात्र लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, फार काय स्मशानातसुद्धा हलक्या आवाजात विचारता येतं. ‘कितना देती है’ ही मारुतीची जाहिरात सुचण्यापूर्वी कुणीतरी फडके रोडवर तासभर उभं राहून गेलं असावं, असा मला दाट संशय आहे.

प्रत्येक गाडीला निदान तीन अ‍ॅव्हरेज असतात. पहिलं कंपनीचं. ते गाडी रोलरवर चढवून, बंद खोलीत, ठरलेल्या चालीने पळवून काढतात. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय नावाची १९६६ सालची संस्था आहे, तिच्या चाचणीतला आकडा हा असा. त्या रोलरवर काटई नाका नसतो. दुसरं अ‍ॅव्हरेज गाडी विकताना सांगायचं आणि तिसरं भाडं ठरवताना. पिकअपवाल्यांना ही तिन्ही तोंडपाठ असतात.

आमचे भाऊजी बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी बिऱ्हाड संगमेश्वरला गावच्या घरी हलवायचं ठरवलं. छोटा हत्ती पुरणार नाही म्हणून मोठी पिकअप सांगितली.

“लोडवर बाराचं देते, काका,” ड्रायव्हर म्हणाला. “आणि येताना रिकामी येणार, त्याचंही धरा.”

भाऊजींनी आयुष्यभर दुसऱ्यांची खाती तपासली होती. ते म्हणाले, “मोजून बघू.” फुल टाकी ते फुल टाकी. त्यांनी वही काढली.

डिझेलला फेस येतो, त्यामुळे नोझल ‘कट’ म्हणतं तेव्हा टाकीत अजून जागा असते. भाऊजींनी पंपावर पिकअपचा फाळका धरून गाडी गदागदा हलवली. फेस बसला, आणखी डिझेल मावलं. पुन्हा हलवली. “पुरे, काका!” ड्रायव्हर कळवळून म्हणाला. निघताना टाकी काठोकाठ असली की उतरल्यावर कमी भरावं लागतं, हे दोघांनाही कळत होतं.

पुढे तिघांची बैठक. मी मधे, म्हणजे गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यांच्या ताब्यात. दुसरा टाकायचा झाला की मी डावीकडे झुकायचो. शिळफाट्यापर्यंत दुसऱ्याच्या वर जायची वेळच आली नाही. कल्याण-शिळ रस्त्यावर मेट्रोचे पत्रे, कंटेनर आणि आम्ही. उभी गाडी तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते आणि किलोमीटर देते शून्य. भाऊजींनी वहीत ‘काटई – इंजिन बंद करा सांगितले’ अशी नोंद केली. वेळेसकट.

पळस्प्यानंतर रस्ता कुठे मोकळा, कुठे खोदलेला. इथलं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्यामुळे सवय आहे. मोकळं मिळालं की ड्रायव्हर ऐंशीवर न्यायचा. मागे उभं कपाट, त्यावर गाद्या आणि त्यावर शिडासारखी फुगलेली ताडपत्री. साठचे ऐंशी केले की वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पट होतो, हे मी सांगितलं. “वारा फुकट आहे,” ड्रायव्हर म्हणाला. परशुराम घाटाच्या उतारावर त्याने गाडी न्यूट्रल केली, डिझेल वाचवायला. हल्लीच्या इंजिनात उतारावर गिअरमध्ये राहून पाय काढला तर डिझेल तुटतं. न्यूट्रलमध्ये ते जळतच राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर. हे मी सांगणार होतो, पण तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो.

खरा घोटाळा त्याआधी वडखळला झाला. चहाच्या टपरीवर दुसऱ्या एका ड्रायव्हरने विचारलं, “काढायची का गाडी?”

“चांगला भाव आला तर. सोळाचं देते, डोळे झाकून.”

भाऊजींचा वडा घशाखाली उतरेना. “तीनशे भागिले बारा, पंचवीस. तीनशे भागिले सोळा, पावणेएकोणीस. सव्वासहा लिटर!”

“ते रिकाम्या गाडीचं, काका.”

“मग येताना सोळाचं धर!”

ड्रायव्हरने चहा संपवला. या मुद्द्याला आजतागायत उत्तर मिळालेलं नाही.

संगमेश्वरला सामान उतरवलं आणि आम्ही टाकी भरायला गेलो. नोझल कट झालं. भाऊजी ओरडले, “बस्स! फुल झाली!” तोवर ड्रायव्हर मागे जाऊन फाळक्याला लोंबकळला होता. भाऊजींनी दुसऱ्या बाजूने गाडी दाबून धरली, हलू नये म्हणून. पंपावरचा पोरगा नोझल हातात धरून आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. शेवटी साडेतेराचं बसलं. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. भाऊजींनी आकडा लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि ठरल्याप्रमाणे रिकाम्या परतीचेही पैसे मोजून दिले.

ते खिशात घालत असतानाच ड्रायव्हरचा फोन वाजला. तो जरा बाजूला गेला, पण आवाज घाटातला होता.

“हो, हो, सामान उतरलं. कल्याण मार्केटला ना? दीडशे पेट्या आरामात बसतील. हापूस आहे, सांभाळूनच नेतो. भाडं? आता बघा, शेठ, लोडवर गाडी दहाचं देते…”