गरजेपोटी टांगलेली तार

नवी मुंबई हे नियोजनबद्ध शहर आहे, यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी सानपाड्यात मान वर करून चालू नये. जमिनीवर सगळं आखीव आहे. सेक्टरला नंबर, प्लॉटला नंबर, झाडालासुद्धा नंबर. जमिनीपासून पंधरा फुटांवर मात्र नियोजनाची हद्द संपते आणि केबलवाल्याची सुरू होते.

याचा दोष शहर वसवणाऱ्या सिडकोला देणं बरं नाही. सिडको 17 मार्च 1970 ची, मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 चं. शहर कागदावर उतरायला लागलं तेव्हा टीव्हीच आला नव्हता, मग त्याच्या वायरीसाठी फुटपाथखाली पाइप कोण सोडणार? 1992 मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला आली आणि त्याच वर्षी झी टीव्ही घराघरात आला. माणसं राहायला आली, त्यांच्यामागून मालिका आल्या. केबलवाल्याने एका गच्चीवर छत्री लावली आणि शेजारच्या गच्चीवर वायर फेकली. झालं नेटवर्क. परवाना म्हणाल तर पुढे हेड पोस्टात 500 रुपये भरले की नोंदणी व्हायची. शहरासाठी जमिनी गेलेल्या गावकऱ्यांनी गावठाणांलगत परवानगीविना बांधलेल्या घरांना आपल्याकडे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. ही गरजेपोटी टांगलेली वायर. घरं नियमित व्हावीत म्हणून प्रकल्पग्रस्तांना मोर्चे काढावे लागले. वायरीला कधी घोषणाही द्यावी लागली नाही.

आता तीच वायर उतरवून कुणी रीतसर, जमिनीखालून फायबर टाकतो म्हणाला, की सगळी खाती खडबडून जागी होतात. सानपाड्याच्या एका अंगाला सायन-पनवेल महामार्ग, पोटातून रेल्वे, पलीकडे पाम बीच रोड. हायवेचं खातं वेगळं, आतल्या रस्त्यांची पालिका वेगळी, रूळ ओलांडायचे तर रेल्वे आहेच, आणि विजेचा खांब दिसला की महावितरण. प्रत्येक टेबलावर नकाशा, शुल्क आणि रस्ता पूर्ववत करून देण्याची रक्कम. हे जमेपर्यंत मे उजाडतो आणि पावसाळ्यासाठी खोदाई बंद होते. पाऊस ओसरेपर्यंत गणपती, नवरात्र, मग आचारसंहिता. एवढ्यातून मुहूर्त सापडलाच, तर रस्त्याचं नुकतंच काँक्रिटीकरण झालेलं असतं.

केंद्र सरकारला हे कळलं नाही असं नाही. अर्जावर 60 दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं समजावं, असं 2016 च्या राइट ऑफ वे नियमांत छापलं होतं. समजावं! पण आपापल्या समजुतीवर भर रस्त्यात जेसीबी लावणारा ठेकेदार अजून जन्मायचा आहे. मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅपही आलं. खणण्याआधी खाली कोणाचं काय पुरलंय ते विचारून घ्या, अशी त्यामागची कल्पना. आमच्याकडे पद्धत उलटी आहे. आधी खणायचं, मग ज्याचं तुटलं असेल तो आपणहून कॉल करतो.

वायर हवेत टांगली तर यातलं काहीच लागत नाही. एक शिडी, एक पोरगा, दुपारची वेळ. कायदा पाळणारी केबल वर्षभर टेबलांवर फिरते आणि न पाळणारी जेवणाच्या सुट्टीत चालू होते. धंदा करणाऱ्याने काय करावं ते सांगायला सल्लागार लागत नाही.

बरं, जुन्या वायरी तरी काढाव्यात? आमच्या नाक्यावरच्या खांबाकडे नीट बघा. सर्वांत आत जाड काळी कोअ‍ॅक्स, तिच्यावर तीनेक पिढ्यांच्या बारीक वायरी, वर फायबरची वेटोळी, पतंगाचा मांजा, आणि पावसाचं पाणी साठलेली अ‍ॅम्प्लिफायरची उघडी पेटी. निम्म्याहून अधिक वायरींत काहीच वाहत नसावं. शिडीवरच्या पोराला मी विचारलं, “दादा, मेलेल्या वायरी काढत का नाही?”

“काका, मेलीय का जिवंत ते कापल्यावरच कळतं.”

इतकं स्वच्छ उत्तर कोणत्याही खात्याने मला दिलेलं नाही. कापलेली जिवंत निघाली तर ऐन मॅचमध्ये तीन इमारती अंधारात, आणि ती प्रतिस्पर्ध्याची असली तर रात्रीतून आपली कापली जाणार. म्हणून कोणी कोणाची कापत नाही, फक्त नवीन वर चढवतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत उंच मूर्तीसाठी दोन पोरं बांबूने हा सगळा इतिहास वर उचलून धरतात. नेटवर्कची तेवढीच काय ती वार्षिक देखभाल.

मूळ केबलवाल्याने पैसे घालावेत, तर त्याच्याही खिशाकडे बघा. 2013 साली डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात नवी मुंबई आली आणि घरोघरी सेट टॉप बॉक्स द्यावे लागले. 2019 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने पहिल्या 100 चॅनेलांसाठी 130 रुपये अधिक जीएसटी अशी कमाल मर्यादा लागू केली. तोवर गिऱ्हाईक मोबाइलवर पळायला लागलं होतं. त्याने कोणाच्या भरवशावर फायबरची काच पुरायची?

शेवटचा टोलनाका सोसायटीचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो आणि गेटवर येऊन एनओसीसाठी बसतो. कमिटीला आधी गच्चीचं भाडं हवं, मग गेटच्या कॅमेऱ्यांना फुकट इंटरनेट, शिवाय गणेशोत्सवाची वर्गणी. डक्टमधून वायर न्यावी तर डक्ट तळमजल्यावाल्याने कपाट करून आत घेतलेला. एखादा सभासद म्हणतोच, “रीडेव्हलपमेंट येतेय, आता कशाला भोकं पाडता?” हा प्रश्न रीडेव्हलपमेंटपेक्षा जुना आहे.

ट्रायने 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन द्यायचे नियम केले. गेल्या सभेत मी हा विषय काढला. चांगल्या नेटवर्कची सोय असली तर आपली इमारत पंचतारांकित ठरू शकते, असं सांगितलं.

“पाचच?” सेक्रेटरी म्हणाले. “अहो, आपल्या गेटच्या खांबावरच पन्नास निघतील. मोजायला कोण येणार आहे?”