बिऱ्हाड हललं, पत्ता हलेना

आम्ही घर बदललं ते पुण्यातल्या पुण्यातच. पिनकोडातलं 411 होतं तसंच राहिलं, बदलले ते शेवटचे दोन आकडे. तेवढ्यासाठी गावभर दवंडी कशाला, असं घरात एक मत होतं. तरी मी बँकेला, विमा कंपनीला, मासिकांना, गॅसवाल्यांना रीतसर कळवलं आणि जुन्या भागातल्या टपाल कार्यालयात रीडायरेक्शनचा अर्जही देऊन आलो. खिडकीमागच्या बाईंनी तो वाचला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "दिलाय ना अर्ज? मग येईल."

काही काही आलंही. पण बँकेचं नवं कार्ड ज्या पाकिटातून निघतं, त्यावर 'पत्ता बदलून पुढे पाठवू नये' असं आधीच छापलेलं असतं. माणूस दिलेल्या पत्त्यावर नसेल तर पाकीट परत. नियम शहाणपणाचाच आहे. कार्डाने अनोळखी दारं शोधत हिंडू नये. फक्त माझं कार्ड मला सोडून बाकी सगळ्यांपासून आणि मग माझ्यापासूनही सुरक्षित राहिलं.

कुरिअरवाल्यांना तर पोस्टातला अर्ज लागूच नाही. त्यांचा मुलगा जुन्या दारात उभा राहून फोन करतो.

"सर, घरी आहात का?"

"आहे की."

"मग दार उघडा ना. केव्हाची बेल वाजवतोय."

विमा कंपनीची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगायला हवी. नवा पत्ता कळवल्यावर त्यांचं उत्तर आलं, आणि आलं ते थेट नव्या पत्त्यावर. आत लिहिलं होतं की पुराव्याअभावी आपला नवा पत्ता आम्हाला नोंदवता येत नाही. मी तेच पत्र घेऊन त्यांच्या शाखेत गेलो. म्हटलं, हे तुम्ही या पत्त्यावर पाठवलंत, मला मिळालं, मी सही करून घेतलं. आणखी पुरावा तो कुठला? समोरचा तरुण फार सभ्य होता. त्याने पत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं. "बरोबर आहे काका, पण हे आमचंच पत्र आहे. पुरावा बाहेरचा लागतो." मग मी त्यांच्या हेल्पलाइनवर गेलो. तिथे आधी सनई, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा सनई. अखेर तक्रार क्रमांक मिळाला आणि संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे. कुणाचं समाधान झालं ते लिहिलं नव्हतं.

अशा वेळी माणूस कायद्याकडे वळतो. वळू नये. 1898चा जुना टपाल कायदा सरळ सांगत होता की टपाल हरवलं, उशिरा पोचलं किंवा भलत्याच दारी गेलं, तर सरकारने स्वतःहून जबाबदारी पत्करली असेल तेवढीच; एरवी नाही. इंग्रज गेले, तार 2013 साली गेली, हा कायदाही गेला. त्याच्या जागी आलेला 2023चा कायदा जून 2024मध्ये लागू झाला. जबाबदारी झटकणारं कलम तेवढं शाबूत आहे, थोडं सुटसुटीत भाषेत.

पिनकोडला मात्र मी बोल लावणार नाही, कारण तो आपल्याच माणसाचा. श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतात काव्यं-नाटकं लिहीत. त्यांनी आखलेली सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. त्याआधी नुसतं 'शिरूर' लिहिलेलं पत्र पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला न्यायचं, बीडमधल्या शिरूर कासारला की लातूरच्या शिरूर अनंतपाळला, हे अक्षर लावणाऱ्याच्या नशिबावर असे. आकड्यांनी गावांची भांडणं मिटवली. पण पिनकोड ओळखतो तो जागेला. त्या जागेतून माणूस उठून गेला तर त्याचा नाइलाज होतो.

अपवाद फक्त फौजेचा. पिनकोडाचा पहिला आकडा 9 आहे तो सैन्यासाठी. साताऱ्याकडच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या 'मार्फत 56 एपीओ' एवढंच लिहून पत्रं जातात. जवान आज राजस्थानात असेल, उद्या लडाखमध्ये. घरच्यांना ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नसते. माणूस सतत हलतो, पत्ता तसूभर हलत नाही, आणि पत्र पोचतं. आमच्यासारख्या नागरी लोकांना नदी ओलांडायची तर पत्त्याचे पुरावे जोडावे लागतात.

उलट आता टपाल खात्याने 2025 साली डिजिपिन आणला आहे. दहा अक्षर-आकड्यांचा हा संकेत देशातला सुमारे चार मीटर लांब-रुंद तुकडा नेमका दाखवतो. कल्पना उत्तमच. रुग्णवाहिकेला तर फारच. पण माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. त्या हिशेबाने मी दिवाणखान्यातून झोपायच्या खोलीत गेलो तरी पत्ता बदलतो. विमा कंपनीला हे कळता कामा नये.

तोवर आमचं खरं टपाल कार्यालय चालवतंय ते जुन्या घरातलं नवं जोडपं. दोघंही आयटीत, वयाने माझ्या मुलांहून लहान. पाकीट आलं की फोटो पाठवतात, 'काका, आणखी एक.' माझा हप्ता कधी थकतो हे त्यांना माझ्याआधी कळतं. रक्त तपासणीच्या अहवालाचं पाकीट आलं, त्या दिवशी मुलीने आपणहून विचारलं, "काका, गोड बंद केलंत ना?" दिवाळी अंकही तिकडूनच येतात, वाचून झाल्यावर. शब्दकोडं सुटलेलं असतं, आणि आडवे सात चुकलेलं.

आणि नव्या घरात? इथे आमच्या आधी राहणाऱ्या गृहस्थांचं टपाल येतं. सोसायटीच्या जिन्याखालच्या पेटीवरही अजून त्यांचंच नाव आहे. चिकटपट्टी लावून खाली आमचं. त्यांच्या म्युच्युअल फंडांची प्रकृती मी जाणून आहे. परवा एक जाडजूड लग्नपत्रिका आली, हळदीकुंकू लावलेली. मी फोन केला.

"उघडा हो, वाचून दाखवा," ते म्हणाले. मी श्रीगणेशापासून व्याही-विहिणींपर्यंत सगळं वाचलं.

"अच्छा, त्यांच्या धाकटीचं! पण आम्ही आता नाशिकला. एवढं यायला नाही जमणार." थोडा विचार करून म्हणाले, "असं करता का, तुम्हीच जाऊन या. कार्यालय तुमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. आहेराचं मी ऑनलाइन बघतो."

मी आढेवेढे घेतले. म्हटलं, मला तिथे कोण ओळखणार?

"पत्ता सांगा ना," ते म्हणाले.

सांगितला. वधूपित्याने माझे दोन्ही हात धरले, आग्रहाने पहिल्या पंगतीला बसवलं. मठ्ठा फार छान होता.