मानखुर्दच्या खाडीत शार्कचा अश्मीभूत दात कसा ओळखावा

ओहोटीच्या वेळी तिवरांच्या कडेला चिखलात एखादी तिकोनी, टोकदार, काळपट वस्तू दिसली, तर हौशी संग्राहकाने प्रथम तिच्याकडे पाठ फिरवावी आणि पायाखालच्या जमिनीची चौकशी करावी. दाताचा दाखला दातापेक्षा त्याच्या थरात जास्त असतो. मुंबईचा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावरचा खाडीचा गाळ काही हजार वर्षांचा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने कालचाच. संग्राहकांचा लाडका महाकाय शार्क मेगालोडॉन या दोहोंच्या मधे होऊन गेला आणि साधारण ३६ लाख वर्षांपूर्वी संपला. त्याच्या काळातले समुद्री थर मानखुर्दला नाहीतच. तेव्हा इथल्या चिखलात त्याचा दात मिळणे म्हणजे चर्चगेटला पनवेल लोकल लागणे.

यावर जाणकार वरळीचा बेडूक पुढे करतात. वरळीच्या खडकात बेडकांचे जीवाश्म मिळाले, १८४७ साली जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने त्यांना नावही दिले, हे खरेच. पण ते जीव दोन लाव्हांच्या मधल्या उसंतीत साचलेल्या गोड्या पाण्यातले. बेडकाच्या साक्षीवर समुद्री शार्कचा दावा टिकत नाही. दुसरा आक्षेप रंगाचा : दात काळा आहे, म्हणजे जुना आहे. दाताला रंग येतो तो भोवतालच्या गाळातून, आणि खाडीच्या कुबट काळ्या चिखलात परवाचे हाडही वयस्कर दिसू लागते. मग काही जण जिभेची कसोटी सुचवतात, कारण सच्छिद्र जीवाश्म हाड जिभेला चिकटते. शार्कच्या दातांना युरोपात शतकानुशतके सापाच्या अश्मीभूत जिभा मानत. १६६६ साली शरीररचनाशास्त्रज्ञ स्टेनोने एका शार्कचे डोके फाडून पाहिले तेव्हा कुठे त्या समजाला तडा गेला. जिभेने एवढा घोळ आधीच घातलेला असताना मानखुर्दच्या चिखलात तिला पुन्हा कामाला लावू नये.

आता वस्तू उचलायला हरकत नाही. खाली रुंद हाडासारखे मूळ, वर गुळगुळीत चकाकणारे पाते आणि दोहोंमधली स्पष्ट सीमा दिसली, तर तो शार्कचा दात असू शकतो. पण बाजारात येणाऱ्या लहान मुशीचाही तो तसाच असतो. शार्क जन्मभर दात पाडत आणि नवे आणत राहतो, त्यामुळे दात मिळणे ही काही मोठी घटना नव्हे. वस्तू लांबट असून दोन्ही कडांना करवतीसारखे उलटे दाते असतील, तर तो पाकटाच्या शेपटीचा काटा. चावण्याचा पृष्ठभाग सपाट आणि चंद्रकोरीच्या नक्षीचा असेल, तर ती बोकडाची दाढ. देवनारचा कत्तलखाना शेजारीच आहे. भरावातल्या दगडाच्या पोकळीत टोकदार पांढरे स्फटिक असतील, तर तो बहुधा कॅल्साइट किंवा क्वार्ट्‌झ, आणि खरे सांगायचे तर आपल्या मातीतला हाच अस्सल ऐवज.

एक शक्यता मात्र नाकारता येत नाही. मोरोक्कोच्या फॉस्फेटच्या खाणींतले शार्कचे दात जगभर लॉकेट म्हणून विकले जातात. त्यातल्या कित्येकांची मुळे लांबी आणि वाळू थापून दुरुस्त केलेली असतात. असा एखादा लोकलच्या गर्दीत कुणाच्या गळ्यातून तुटून इथवर पोहोचू शकतो. मुळाला भोक आहे का, ते पाहावे. असल्यास चिठ्ठीवर ‘प्राप्तिस्थान : मानखुर्द’ लिहावे, ‘मूळ गाव’ कोरे ठेवावे आणि दोरा कुठे अडकलाय का, ते शोधावे.