वावळाचा वकील

हिंगोली जिल्ह्यात सागाची तारीफ करणारे रुपयाला पासरी मिळतात. बाभळीला भिऊन का होईना मान आहे आणि चिंचेखाली तर गावाची पंचाईत बसते. वावळाची बाजू घेणारा माणूस मात्र एकाच जातीचा असतो आणि तो आरामशीनवर बसलेला असतो. कळमनुरीला असेल, सेनगावला असेल, आखाडा बाळापूरला तर असतोच. गाव बदललं की त्याचं आडनाव बदलतं, बाकी माणूस तोच. लोक त्याला मामा म्हणतात.

मामांच्या भुवयांत भुसा इतका मुरलेला असतो की दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही तो दाद देत नाही. कानावर खडू, खिशात टेप, आणि जन्म आऱ्याच्या आवाजाशेजारी गेल्यामुळे बोलणं कायम वरच्या पट्टीत. मयतीला गेले तरी ‘फार वाईट झालं’ हे ते अशा आवाजात म्हणतात की पलीकडच्या गल्लीतली माणसं भांडण सोडवायला धावत येतात. कुणाची उधारी किती थकली हे ते अगदी खाजगीत, त्याच्या कानाशी लागून सांगतात. एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसांनाही मग ते कळतं.

आता वावळाविषयी. हे झाड कुणी लावत नाही. ओढ्याकाठी, बांधावर, पडक्या गढीच्या भिंतीत ते आपलं आपण येतं. पान चुरगाळलं तर असा वास सुटतो की पोरं एकमेकांच्या नाकाला लावून पळतात. चैत्र-वैशाखात त्याची चपटी, गोल, कागदासारखी फळं वाऱ्यावर सुटतात आणि लोकांच्या अंगणात, पाण्याच्या टाकीत, वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसतात. त्यातलं बी सोलून खाण्यापलीकडे वावळाचा काही उपयोग आहे असं आपल्याकडे कुणाला वाटत नाही. वनखात्याच्या लिलावातही साग म्हणजे साग, आणि बाकीचा सगळा माल ‘आडजात’. हा शब्द उच्चारला की मामा खुर्चीतून अर्धे उठतात.

पूर्वी ही वकिली तालुक्यापुरती होती. मग पुण्याला शिकणाऱ्या कुठल्याशा भाच्यानं सांगितलं की इंग्रज ह्या झाडाला ‘इंडियन एल्म’ म्हणत आणि विलायतेतला एल्म हा वावळाच्याच कुळातला. झालं! त्या दिवसापासून मामांना आवरणं कठीण झालं. वाचून, विचारून त्यांनी एल्मचा सगळा इतिहास गोळा केला. लंडनमध्ये 1613 साली न्यू रिव्हर नावाचा कालवा शहरात पाणी घेऊन आला, ते पाणी घरोघर नेणारे नळ होते एल्मच्या पोखरलेल्या खोडांचे. व्हेनिसचा रिआल्टो पूल पाण्यात ठोकलेल्या एल्मच्या खांबांवर उभा आहे. सतत पाण्यात बुडालेला एल्म कुजत नाही. अधूनमधून ओला आणि अधूनमधून कोरडा राहिला, तर मात्र लवकर जातो. हे सगळं खरं आहे. फक्त मामा सांगताना ‘एल्म’ म्हणत नाहीत.

‘लंडनला वावळाचे नळ होते,’ ते चहा पिणाऱ्या मंडळींना सांगतात.

‘मामा, आपल्या गावात लोखंडी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतंय,’ कुणीतरी म्हणतं. ‘तिकडं लाकडाच्या नळाला येत होतं व्हय?’

‘वावळाचा होता ना!’

ह्यावर कुणाकडे उत्तर नसतं. विलायतेतले एल्म रोगानं गेले, सालीतल्या भुंगेऱ्यांनी बुरशी पसरवली आणि 1970 च्या दशकात एकट्या ब्रिटनमध्ये लाखो झाडं उभ्याउभ्या वाळली, हे सांगताना मामांचा आवाज पहिल्यांदाच खाली येतो. घरचं कुणी गेल्यासारखे ते थोडा वेळ गप्प बसतात. मग म्हणतात, ‘तिकडचे गेले. आता खानदानात आपलाच कर्ता राहिला.’ विलायतेतला एल्म आणि आपला वावळ ही एका कुळातली पण वेगळी झाडं आहेत, असं म्हणण्याची ही वेळ नसते. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळा जिल्हा खुशीत होता. मामा तेवढे फुगून बसले होते. ‘हळदीला मिळालं, बरं झालं. पण ती शिजवायला जळण कुणाचं लागतं?’

एवढ्यावरून कुणाला वाटेल की मामा दिवसाकाठी ट्रॉलीभर वावळ विकत असतील. इथंच तर खरी गंमत आहे. मामा वकील वावळाचे, पण तोंड साक्षीदाराचं. खोटं बोलता येत नाही, अर्धवट खरंही बोलता येत नाही. तासभर बाजू मांडायची आणि शेवटी स्वतःच अशी साक्ष द्यायची की अशिलाला जामीनसुद्धा मिळू नये.

घरकुल बांधणारा एखादा शेतकरी येतो. साग परवडत नाही, मामांनी वावळाचं गुणगान आधीच ऐकवलेलं असतं.

‘मग चौकटीला घेऊ का वावळ?’

‘चौकटीला नको. वाळवी लागंल.’

‘बरं, मागच्या दाराला? पाऊस लागतो तिथं जरा.’

‘पाऊस लागतो तिथं तर बिल्कुलच नको.’

‘मंग पलंग करतो.’

‘पलंग कर. झकास होईल. दोन वर्षांनी खाली पिठासारखं पडलं तर घाबरू नको. किडा असतो. त्यालाबी चव कळती.’

शेतकरी उठतो आणि शहरात जाऊन लोखंडी दार घेऊन येतो. मामांना त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते ह्याचं की त्यानं वावळाचं नीट ऐकून घेतलं नाही.

ओंडका घेऊन येणाऱ्याची चौकशी तर सोयरीक जुळवण्याइतकी खोल असते. ट्रॅक्टर वखारीच्या दारात उभा, इंजिन चालू, आणि मामा विचारतात, ‘झाड कुठलं?’ बांधावरचं असेल तर कुंपणाची तार आत गेलेली असू शकते. रस्त्यावरचं असेल तर मामा आणखी सावध होतात. ‘पाडलं कवा?’ ‘सोयाबीन निघू दिली, मंग पाडलं, दोन महिने झाले.’ मामा डोळे मिटून घेतात. वावळ पाडल्यावर तसाच पडू दिला तर त्याचा पिवळसर रंग जातो, राखी-निळे डाग पडतात आणि सालीखाली किडे घर करतात. पाडला की लगेच चिरायचा, चिरला की सावलीत रचायचा, हा त्याचा नियम. आपल्याकडे पाडलेलं झाड बांधावर पोळ्यापासून होळीपर्यंत निवांत पडून राहतं.

मग खिळ्यांची तपासणी. मामा कुऱ्हाडीच्या तुंब्यानं सालीवर ठोकत जातात, कान लावतात, साल उचकटून बोट फिरवतात. रस्त्याकडेच्या झाडाला आपण काय काय ठोकतो याची कल्पना आरामशीनवाल्याखेरीज कुणालाच नसते. क्लासेसच्या पाट्या, मूळव्याधीच्या हमखास इलाजाचे पत्रे, आणि दर निवडणुकीला उमेदवार. पाटी जाते, खिळा राहतो. झाड त्याच्यावर वाढतं आणि त्याला पोटात घेतं. एकदा एका ओंडक्यातून मामांनी एकामागून एक खिळे काढले. खिळ्याभोवतीचं लाकूड काळंनिळं पडलेलं. मामांनी बोटानं खोली मोजली आणि सांगितलं, ‘हा झेडपीचा. त्याच्या आतला विधानसभेचा. अन् हा सगळ्यात आतला, मोळ्याएवढा, हा सरपंचकीचा. ग्रामपंचायतीला लोक लई जोर लावतात.’ पुरावा कुणी मागितला नाही. निवडणुकीचा निकालही लोक इतक्या निमूटपणे मान्य करत नाहीत.

एवढं करूनही एखादा खिळा सुटतोच. मग पट्ट्याचे दात जातात, नाहीतर पट्टाच तुटतो. फटाक्यापेक्षा मोठा आवाज, हमाल चारी दिशांना, आणि मामा जागेवरच. तुटलेल्या पट्ट्याकडे न बघता ते ओंडक्याच्या मालकाकडे बघतात. ‘कुण्या पक्षाचा होता?’ एवढंच विचारतात.

मापाच्या बाबतीत मात्र मामांची वकिली स्वतःच्या बाजूनं चालते. वखारीचं माप जुनं आहे. घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. 4 फूट घेर, 10 फूट लांबी, म्हणजे 10 घनफूट. एकदा एका शेतकऱ्याचा बीएस्सीला असलेला पोरगा मोबाइल घेऊन उभा राहिला. ‘मामा, गोलाच्या हिशेबानं पावणेतेरा घनफूट होतंय.’ पोराचा हिशेब बरोबर होता. जुन्या रीतीत खऱ्या मापाचा पाचवा हिस्सा आणि वर थोडं गायबच होतं. वखार एकदम शांत झाली. कुणीतरी मामांना धरेल अशी अपेक्षा होती.

मामा म्हणाले, ‘बापू, तुझ्या मोबाइलनं साल मोजली. मी ती विकू का? चारी बाजूचे ढलपे मोजले. त्याचं दार होतंय का? भुसा मोजला, तोबी विकत घेऊ?’ मग त्यांनी चारी ढलपे काढून पोराच्या गाडीत टाकायला लावले, वर पोतंभर भुसा. ‘घे, तुझे पावणेतीन घनफूट. आईला दे, चुलीत घालंल.’ पोरगा फुकटचं जळण घेऊन हरल्यासारखा गेला. माप अजूनही जुनंच चालू आहे.

खरं तर आता चिरायला येतंच किती? दारं फ्लशची, खिडक्या ॲल्युमिनियमच्या, पलंग भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे. ह्या शेवटच्या गोष्टीवर मामा काही बोलत नाहीत, फक्त आपल्याच वखारीतल्या भुशाच्या ढिगाकडे बघतात. तरी वखार बंद होत नाही, कारण भिंतीवर परवाना आहे. 1997 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात महाराष्ट्रातल्या सगळ्या विनापरवाना आरागिरण्या ताबडतोब बंद करायचा आदेश दिला. तेव्हापासून ज्याच्याकडे जुना परवाना आहे त्याचा परवाना मशीनपेक्षा महाग. मामांनी तो औंढ्याच्या नागनाथाच्या तसबिरीशेजारी काचेत लावलाय आणि रोज सकाळी एकच उदबत्ती दोघांनाही ओवाळतात. मुलाला सोयरीक आली तेव्हा मुलीकडच्यांनी पत्रिकेआधी परवाना बघितला.

पण चिरायला चांगला वावळ आला की मामांना बघावं. ट्रॉली पट्ट्याला भिडते, पहिला ढलपा सुटून पडतो, आणि आतलं पिवळट अंग उघडं होतं. त्यावर उभे पट्टे असतात, एक उजळ, एक गडद, कारण ह्या लाकडाचे रेषे एका थरात डावीकडे तर दुसऱ्या थरात उजवीकडे कलत जातात. मामा तुमचा हात धरून फळीवरून फिरवतात. एका पट्ट्यावर हात गुळगुळीत जातो आणि लगेच शेजारच्या पट्ट्यावर अडखळतो. मग हात उलट्या दिशेनं फिरवायला लावतात, आता अडखळलेला पट्टा गुळगुळीत. सुतार ह्याच गुणावर दात खातात. रंधा इकडून मारला तर एक पट्टा उपटतो, तिकडून मारला तर दुसरा. पण पाचर ठोकून फोडायला जा, वावळ सहजासहजी फुटत नाही. रेषे एकमेकांना सोडतच नाहीत. म्हणून गाडीच्या पाटांना, घाव सोसायच्या ठोकळ्याला तो चालतो. फळ्या रचतानाही मामा स्वतः उभे राहतात, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, वर दगडाचं ओझं, उन्हाची तिरीप येऊ द्यायची नाही. वाळताना वावळ पिळतो. पिळलेली फळी दिसली की मामा म्हणतात, ‘स्वभाव हाय.’

एकदा मात्र वावळाला थेट गिऱ्हाईक आलं. नांदेडकडचा माणूस होता, पिकअपमधून उतरला आणि म्हणाला, ‘मामा, वावळ आहे का? असेल तेवढा द्या.’

मामांनी हे वाक्य आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते आधी खूश झाले नाहीत, संशयात पडले. ‘कशाला पाहिजे?’

‘माल भरायला पेट्या करायच्यात.’

‘पेट्या बेस होतील. खिळा धरतो, फुटत नाही. पण...’

वखारीतला प्रत्येक जण मनात म्हणत होता, मामा, ‘पण’च्या पुढं जाऊ नका.

‘पण ओला हाय. आता नेला तर झाकणासकट पिळंल. महिनाभर थांबा.’

‘पिळू द्या हो. एकदा माल उतरला की फेकूनच द्यायच्यात.’

‘फेकून?’ मामा आता पुरते उठले. ‘वावळ एका खेपेला वापरून फेकणार? सुबाभूळ घेऊन जा!’

तेवढ्यात मामी डबा घेऊन आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, ‘लाईटबिल सुबाभूळ भरणार हाय का?’

मामा बसले. भाव ठरला, माल भरला गेला. बिल करताना गिऱ्हाईक म्हणालं, ‘त्यावर नुसतं आडजात लिहा.’ मामांनी पेन खाली ठेवलं. बरीच वादावादी होऊन त्यांनी लिहिलं : ‘वावळ, उत्तम.’ गिऱ्हाईक हात जोडून म्हणालं, ‘उत्तम खोडा हो. उत्तम माल पेट्यांना कशाला आणला म्हणून शेठ मलाच धरतील.’ मामांनी फळ्यांकडे बघितलं, थोडा विचार केला, ‘उत्तम’ खोडून ‘बरा’ केलं. आणि माल उत्तमचा बरा झाला म्हणून, न्यायानं, घनफुटामागे वीस रुपये कमी केले.

मामी डबा न ठेवताच घरी परत गेल्या.