गैरहजर, श्रेणी अ-1

1 मे जवळ आला की कल्याणपुढच्या स्टेशनांवर दोन पारे चढतात, एक बदलापूरचा आणि दुसरा वर्गशिक्षकांचा. बदलापूरचा निदान सूर्य कलल्यावर उतरतो. दुसरा निकालपत्रकाचा ताळा जमेपर्यंत हटत नाही.

शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ 2010 साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि पहिली ते आठवीच्या पोरांची मार्कांच्या जाचातून सुटका झाली. आता 91 च्या पुढे अ-1, 81 ते 90 अ-2, मग ब-1, ब-2 असं पायरी पायरीने उतरत 33 च्या खाली गेलं की इ-1, आणि 20 किंवा त्याहून कमी असतील तर इ-2. एकूण नऊ पायऱ्या. पोरगं कोणत्या पायरीवर उभं आहे हे कळायला मात्र मार्कच लागतात. म्हणून आधी आकारिकचे मार्क भरायचे, मग संकलितचे, बेरीज करायची, शेकडा काढायचा आणि एवढ्या घामाने काढलेला आकडा झाकून त्याच्या जागी अक्षर ठेवायचं. झाकण्याचं काम एक्सेलकडे.

एक्सेलची फाइल कुठून आली ते कुणी विचारत नाही. ती ग्रुपवर येते. ‘निकालपत्रक फायनल’, मग ‘निकालपत्रक फायनल नवीन’, मग ‘हेच वापरा’. आत इफच्या पोटात इफ: 91 किंवा जास्त असेल तर अ-1, नाहीतर 81 किंवा जास्त असेल तर अ-2, नाहीतर, नाहीतर, नाहीतर. आता समजा, एक पोरगं कांजिण्यांनी घरी झोपलंय आणि सरांनी सरळ मनाने शेकड्याच्या रकान्यात ‘गैरहजर’ असं टाइप केलं. एक्सेलच्या लेखी शब्द हा कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा. ‘गैरहजर’ 91 हून मोठं ठरतं आणि अंथरुणातलं पोर अ-1 घेऊन वर्गात पहिलं येतं. कॉम्प्युटरवाले याला चूक म्हणतात. मला तर शासनाचं धोरण पुरतं उमजलेला एवढा एकच कर्मचारी दिसतो. अक्षर आकड्याहून मोठं, हेच तर 2010 पासून सांगणं चाललंय.

दुसऱ्या शाळेतल्या सरांची फाइल जास्त काटेकोर. तिथे प्रत्येक श्रेणीला दोन्ही बाजूंनी कुंपण: 81 ते 90, 71 ते 80. दोन सत्रांची सरासरी 80.5 आली की पोरगं अ-2 च्या कुंपणाबाहेर आणि ब-1 च्याही. मग ते कुठेच न अडकता शेवटच्या ‘नाहीतर’मध्ये जातं, आणि तिथे लिहिलेलं असतं इ-2. वर्गातल्या हुशार मुलीला इ-2! मग कुणीतरी राउंड लावतं, 80.5 चे 81 होतात, आणि 80.4 वाल्याची आई शाळेत येते.

“बाई, ब-1 म्हणजे किती?”

“71 ते 80.”

“ते कळलं हो. पण 71 की 80?”

“आता मार्क सांगायचे नसतात, ताई.”

“नका सांगू. शेजारच्या आर्यनपेक्षा जास्त की कमी, एवढंच सांगा.”

श्रेणीची खरी करामत बघायची तर शाळेत जायचीही गरज नाही. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ अडीच लाख, कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाख. श्रेणी काय? अंबरनाथ आणि बदलापूर ‘अ’ वर्ग, उल्हासनगर ‘ड’ वर्ग. कारण पहिल्या दोन नगरपरिषदा. त्या यादीत एक लाखावर डोकी भरली की अ. उल्हासनगर महापालिका, म्हणजे पंगतीला मुंबई-पुणे. तिथे पाच लाखांना कोण विचारतो? अंबरनाथहून सुटलेली लोकल पुढच्याच स्टेशनात अ मधून ड मध्ये शिरते, आणि डब्यातल्या कुणाला धक्कासुद्धा बसत नाही. खड्डे दोन्हीकडे सारखेच. त्यांना अजून श्रेणी नाही.

आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे, पास-नापाससकट. त्यामुळे फाइलला आणखी दोन रकाने फुटले. ग्रुपवर ‘हेच वापरा 2’ आलं आहे.

शेकड्याचा रकाना तिथेही ‘हाइड’ केलेला आहे. प्रिंटमध्ये येत नाही, प्रगतिपुस्तकावर येत नाही. जूनमध्ये स्टेशनसमोरच्या क्लासचा फॉर्म येतो, त्यात तिसरीच ओळ: मागील वर्षाची टक्केवारी. पालक बाईंना फोन लावतात. बाई एक मिनिट थांबायला सांगतात, रकाना ‘अनहाइड’ करतात आणि दशांशासकट वाचून दाखवतात.