उत्तर नको, पद्धत सांगा

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन मानकरी ठरलेले असतात. पाणी कधी जाणार ते कळवणारा, सुविचार टाकणारा आणि कोडं घालणारा. पहिले दोघे निरुपद्रवी. तिसऱ्याला आमच्याकडे कोडेकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर दिसतं.

काकांचं कोडं सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर येतं. ते टाकून काका स्वस्थ बसत नाहीत. मेसेज कोणी वाचला, किती वाजता वाचला, याची यादी उघडून बसतात. लिफ्टमध्ये भेटले की, "तुम्ही सात दहाला वाचलंत. मग?" या 'मग'ला उत्तर नसतं. माणूस मधल्याच मजल्यावर उतरतो.

बरं, उत्तर दिलं म्हणून सुटका होते असंही नाही. बरोबर उत्तर लगेच आलं की काकांचा चेहरा पडतो. "उत्तर नको, पद्धत सांगा," असा मेसेज येतो. पद्धतही बरोबर निघाली तर, "ठीक आहे, पण हे तुम्ही आधी वाचलेलं होतं." चुकीचं उत्तर आलं की मात्र काका फुलतात. "छान प्रयत्न! अजून विचार करा." या 'छान'मध्ये जो आनंद असतो, तो त्यांना नातवाच्या बारशालाही झाला नव्हता, असं काकूच सांगतात.

कोड्यांच्या बाबतीत ते कमालीचे सोवळे आहेत. केळी, अननस आणि नारळाची चित्रं असलेलं, 'नव्वद टक्के लोक चुकतात' छाप गणित कोणी टाकलं की ते कडाडतात, "हे कोडं नाही, डोळ्यांची तपासणी आहे! शेवटच्या ओळीत एक केळं कमी काढायचं, यात गणित कुठलं?" ६÷२(१+२) हे तर ग्रुपवर दर पावसाळ्यात साथीसारखं उद्भवतं. एक गट ९ म्हणतो, दुसरा १. दोघंही शाळेतल्या 'कंचेभागुबेव'ची शपथ घेतात. कंसाला चिकटलेला २ हा साधा गुणाकार धरला तर ९ येतात, तो 'चे' धरला तर १. मागे या वादात बी विंगमधल्या दोन सख्ख्या साडूंचं बोलणं बंद झालं होतं. काकांचा निकाल मात्र ठाम: "दोघंही सुटले. दोषी लिहिणारा. मेल्याला अजून एक कंस घालायला काय झालं होतं?"

सिंगापूरच्या शेरिलचं कोडं २०१५ साली जगभर फिरलं. शेरिल आपल्या वाढदिवसाच्या दहा तारखा देते, एका मित्राच्या कानात फक्त महिना सांगते, दुसऱ्याच्या कानात फक्त तारीख, आणि मग ते दोघे 'मला कळलं नाही, पण तुलाही कळलेलं नाही' अशा थाटात बोलतात. काकांनी ते ग्रुपवर टाकलं. सी विंगमधल्या नववीतल्या मुलीने चहा निवायच्या आत लिहिलं, "१६ जुलै." काका 'पद्धत?' असं टाइप करत होते, तेवढ्यात सुविचारवाल्यांचा मेसेज पडला, "शेरिल बेटा, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" पुढे काय होणार ते सांगायला नको. दुपारपर्यंत ग्रुप केकच्या चित्रांनी भरला. कोणीतरी 'कुठल्या विंगमधली?' असंही विचारलं. काका दोन दिवस खाली उतरले नाहीत.

पण काकांची खरी हौस भागली ती तीन दारांच्या कोड्यात. तीन दारं, एकामागे बक्षीस. तुम्ही एक निवडता. बक्षीस कुठे आहे ते माहीत असलेला सूत्रधार उरलेल्यांपैकी एक रिकामं दार उघडून दाखवतो. आता दार बदलायचं का? सेक्रेटरी सनदी लेखापाल. ते म्हणाले, "दोन दारं उरली, निम्मी-निम्मी शक्यता. विषय संपला." विषय कुठला संपतोय! अमेरिकेत १९९० साली मेरिलिन व्हॉस सावंत या बाईंनी आपल्या सदरात 'बदला' असं उत्तर दिलं, तर त्यांना दहा हजारांच्या आसपास पत्रं आली. त्यांत जवळजवळ हजार लोक पीएच.डी.वाले, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, बाई चुकल्या. पॉल एर्डोशसारख्या गणितज्ञालाही संगणकावर खेळून दाखवेपर्यंत पटलं नव्हतं. काकांनी सेक्रेटरींना घरी बोलावलं. तीन स्टीलच्या वाट्या पालथ्या, एकीखाली पेढा, सूत्रधार काकू. सेक्रेटरी तत्त्वाला जागून वाटी बदलेनात, काका दर वेळी बदलत होते. पहिली निवड तीनात एकदाच बरोबर येते, म्हणजे बदलणारा तीनात दोनदा जिंकतो. डबा बराचसा काकांच्या पोटात गेला. सेक्रेटरी उठताना म्हणाले, "वाट्या तुमच्या, बायको तुमची. हिशेब ऑडिट झालेला नाही." काकांच्या मधुमेहाचं मात्र रीतसर ऑडिट झालं.

त्यांचं दैवत देवळालीचे द. रा. कापरेकर. शाळामास्तर, पण त्यांचा ६१७४ हा अंक जगभर माहीत. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, हेच पुन्हा करत राहा. फार तर सातव्या खेपेला ६१७४ येणारच. काका फाटकाशी उभे राहून येणाऱ्या गाड्यांच्या नंबरांवर हे करतात. भाजीवाल्याचा टेम्पो ३५२४: पहिल्या वजाबाकीत ३०८७, मग ८३५२, तिसऱ्या खेपेला ६१७४. भाजीवाल्याला त्या दिवशी बोहनी झाल्यासारखं वाटलं. बिल्डरच्या नव्या गाडीचा नंबर ७७७७. त्यासाठी त्याने आरटीओत भरपूर पैसे मोजलेले. काकांनी काच खाली करायला लावून सांगितलं, "साहेब, तुमचं उत्तर शून्य."

असा गृहस्थ तुमच्याही ग्रुपवर असणार. त्याला म्यूट करू नका. कोडं आलं की आधी एक ठसठशीत चुकीचं उत्तर टाका, बरोबर उत्तर येत असलं तरी. ते रात्री जेवणानंतर पाठवा, आणि पद्धतीसकट.